जुन्या जीपला डिस्क ब्रेक: पाइप टाकण्याच्या नोंदी

२ मार्च २०२५

गाडी १९७८ची महिंद्रा, लांब चॅसिसची, मागे मालासाठी हौदा. मूळ पेट्रोल इंजिन आधीच्या मालकाने काढून डिझेल बसवलेलं. चाळीसगाव तालुक्यातल्या शेतावरून बाजार समितीपर्यंत कापूस, कांदा, खताच्या गोण्या, आणि वर्षातून काही वेळा घाट चढून कन्नडला. पुढची डिस्क, हब आणि कॅलिपरचे (डिस्कला दोन्हीकडून पॅडने दाबणारा चिमटा) ब्रॅकेट बसून झाले आहेत, मागे जुने ड्रम ब्रेकच. ते काम लेथवाल्याचं, आणि त्यावर सांगणारे गावोगाव भेटतात. ब्रेक ऑइलचे पाइप कुठून न्यायचे हे मात्र कुणी धड सांगत नाही, म्हणून नोंदी इथपासून.

आधीची व्यवस्था एका सर्किटची. एका मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा) एकच पाइप निघतो आणि चारही चाकांना वाटला जातो. मागच्या चाकाचं एक वॉशर फाटलं की पुढचे ब्रेकही गेले. नुसती डिस्क लावून हे बदलत नाही, त्यासाठी दोन कप्प्यांचा टँडम मास्टर सिलिंडर हवा आणि पुढे-मागे वेगळे पाइप हवेत. पैसे कमी असतील तर डिस्क पुढच्या वर्षी लावा, टँडम आधी लावा. माझं मत ठाम आहे.

कागदांचं एकच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२खाली गाडीत असा बदल करायला आरटीओची परवानगी लागते. अर्ज आधी करा, काम नंतर. आणि गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल, व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल, तर २०२१चे नियम वाचूनच पाना हातात घ्या, कारण तिथे गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. माझ्या गाडीचं इंजिनच बदललेलं असल्यामुळे तो प्रश्न उरला नव्हता.

५ मार्च

सगळे जुने पाइप काढले. निम्मे नट पाइपावर गंजून एकजीव झालेले, फिरवले की पाइपच पिळतो. सरळ हेक्सॉने कापले, जुना पाइप परत वापरायचाच नव्हता. काढताना प्रत्येक क्लिपची जागा चॅसिसवर खडूने खूण करून ठेवली. कंपनीने केलेली भोकं बहुधा योग्य जागी असतात.

चॅसिसच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा वाळलेला थर, बोटभर जाड. खरवडल्यावर उजव्या बाजूचा मागचा पाइप एका ठिकाणी इतका खाल्लेला निघाला की नखाने भोक पडलं. ही गाडी मागच्या आठवड्यापर्यंत रस्त्यावर होती.

८ मार्च

पाइप कोणता, यावर दिवस गेला. तीन पर्याय समोर आले.

पहिला, एसी-फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी. वाकवायला सोपी, गंजत नाही, लगेच मिळते, आणि मिस्त्री लोक ती सर्रास सुचवतात. ब्रेकला ती लावू नये. तांबं हादऱ्याने कडक होत जातं आणि नटाच्या मागे, जिथे दिसत नाही तिथे, चिरतं. दुसरा, बंडी पाइप: दोन पदरी गुंडाळलेल्या पोलादाचा, तांब्याने सांधलेला, आपल्या बहुतेक गाड्यांना असतो तो. तिसरा, तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा. तो गंजत नाही आणि हाताने वाकतो, पण किंमत दुपटीच्या वर.

बंडी पाइप घेतला. बाहेरचा व्यास ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंच. फक्त मागच्या ॲक्सलवरचे दोन तुकडे तांबं-निकेलचे, कारण चिखल तिथे सर्वांत जास्त बसतो. २५ फुटांच्या दोन गुंडाळ्या घेतल्या. गाडीच्या लांबीवरून हिशेब करू नका, वाकणं आणि वाया जाणारी टोकं धरली की पाइप बराच जास्त लागतो.

११ मार्च

आज कुठलाही पाइप लावला नाही. पाइपाचे रस्ते ठरवले.

कुंपणाची ८ गेजची जीआय तार साधारण ४ मिमी जाड असते, म्हणजे ब्रेक पाइपाच्या जवळपास. तिचेच नमुने केले. मास्टर सिलिंडरपासून चॅसिसच्या कडेकडेने तार वाकवत न्यायची, अडेल तिथे पुन्हा वाकवायची, मग ती काढून जमिनीवर ठेवायची आणि पाइप तिच्यावर बेतायचा. तार चुकली तर पाच रुपये गेले, पाइप चुकला तर फ्लेअर (जोडासाठी पसरवलेलं पाइपाचं तोंड), नट आणि अर्धा दिवस गेला.

सर्वांत मोठा अडथळा सायलेन्सरचा. डिझेल इंजिन बसवणाऱ्याने धुराची नळी उजव्या हाताने, चॅसिसला चिकटूनच मागे नेली आहे. मास्टर सिलिंडरही उजवीकडे, ड्रायव्हरच्या पायाखाली. सगळ्यांत जवळचा रस्ता म्हणजे उजव्या चॅसिसमधून सरळ मागे. आप्पांनी (गावातले जुने मिस्त्री, जीपगाड्यांवर आयुष्य गेलेलं) खाली वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "हाऊ पाइप तठून नेशी तर तेल उकळी जाई, भाऊ."

म्हणून मास्टर सिलिंडरमधून निघालेले दोन्ही पाइप आधी क्रॉस मेंबरच्या (चॅसिसच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुकडा) मागच्या बाजूने डावीकडे नेले. मागचा पाइप डाव्या चॅसिसच्या आतून मागे जातो. पुढचा डावीकडेच पुढे जातो आणि रेडिएटरखालच्या क्रॉस मेंबरवर टी जॉइंटला दोन फाट्यांत वाटला जातो. पाइप लांबला, पण गरम नळीपासून सगळीकडे हातभर अंतर राहिलं. दोन्ही पाइप क्रॉस मेंबरच्या वाकलेल्या काठाच्या आड आहेत, खालून दगड लागला तर काठाला लागेल. क्रॉस मेंबरच्या वरून उडी मारून नेणं सोपं होतं, पण तिथे उलटा 'यू' होतो आणि हवा काढताना तीच जागा त्रास देते.

आणखी एक गोष्ट तारेनेच दाखवली. टी जॉइंट मला मध्ये लावायचा होता, देखणा दिसतो. पण तिथे रिंग पाना फिरायला जागाच नाही. तो डावीकडे सरकवला. पाना लागत नसेल तिथे जोड ठेवू नये, कारण गळती झालीच तर ती त्याच जोडाला होणार.

१६ मार्च

होळी-धुळवडीत काम बंद होतं. आज फ्लेअर.

जुन्या टी जॉइंटला आणि मागच्या व्हील सिलिंडरला (ड्रममध्ये ब्रेक दाबणारा) इंची आटे: ३/८ इंच, इंचाला २४ आटे, आणि आत उंचवट्यासारखा शंकू. त्यावर ४५ अंशाचा डबल फ्लेअर (तोंडाची कड आत दुमडलेला) बसतो. नवा टँडम मास्टर सिलिंडर अलीकडच्या पिकअपचा, त्याला एम१० × १ (१० मिमीचे मेट्रिक) आटे आणि आत खळगा. त्यात बबल फ्लेअर (बाहेरून फुगीर) बसतो. भोकात टॉर्च मारून आधी बघा. उंचवटा दिसला तर डबल फ्लेअर, खळगा दिसला तर बबल. एकाच पाइपाचं एक टोक बबल आणि दुसरं डबल असू शकतं, माझे दोन्ही मुख्य पाइप तसेच आहेत.

आट्यांबाबत जास्त सावध राहा. ३/८ म्हणजे ९.५२ मिमी. एम१०च्या भोकात तो नट आत जातो, फिरतो, थोडा घट्टही वाटतो. पण तो दोन-तीन आट्यांच्या टोकांवरच टेकलेला असतो. दुकानदाराने दिलेल्या पाकिटात दोन्ही जातींचे नट मिसळलेले होते. दिसायला जुळे भाऊ. मी प्रत्येक नट व्हर्नियरने मोजून दोन डब्यांत वेगळा केला आणि इंची नटांच्या डोक्यावर पांढरा रंग लावला. त्याला पाव तास लागला असेल.

फ्लेअर पाडण्याची पद्धत, जशी शेवटी जमली तशी: पाइप कटरने कापायचा, हेक्सॉने नाही, कारण हेक्सॉचा बुरा आत राहतो आणि तो पुढे मास्टर सिलिंडरच्या रबराला ओरखडतो. कडा आतून-बाहेरून साफ करायची. नट आधी घालायचा, तोंड योग्य बाजूला आहे ना बघायचं. पाइप साच्यात बरोबर पायरीइतकाच वर ठेवायचा. पाइपाच्या तोंडाला ब्रेक ऑइलचा थेंब लावायचा, मग दाबायचं. पहिले काही फ्लेअर एका बाजूला कलले. स्वस्त टूलचा साचा पाइपाला घट्ट पकडत नव्हता, दाबताना पाइप खाली सरकत होता. साच्याच्या खाचा कानशीने किंचित खरबरीत केल्या, मग पकड आली. तरीही व्हाइसमध्ये धरायचं चांगलं टूल मिळालं तर तेच घ्या. हातात धरून वापरायच्या टूलवर वाचवलेले पैसे पाइपात जातात.

जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. इथे सील आट्यांवर होत नाही, फ्लेअरच्या तोंडावर होतं, आणि टेपचे तुकडे आत जातात.

२३ मार्च

मास्टर सिलिंडरची उंची.

पेडल जमिनीतून येतं, म्हणून बूस्टर (व्हॅक्युमने पेडलचा जोर वाढवणारा) आणि मास्टर सिलिंडर दोन्ही पाटाखाली (पायाखालच्या पत्र्याखाली), चॅसिसला टांगलेल्या ब्रॅकेटवर. बूस्टरला व्हॅक्युम अल्टरनेटरवरच्या पंपाचा, डिझेल इंजिनाला त्याशिवाय चालत नाही. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी लावून मोजलं. मास्टर सिलिंडरवरच्या छोट्या टाकीतली ऑइलची पातळी कॅलिपरच्या वरच्या कडेपेक्षा खाली येते. म्हणजे गाडी उभी असताना कॅलिपरमधलं ऑइल हळूहळू मागे येणार, पॅड डिस्कपासून दूर सरकणार, आणि सकाळी पहिलं पेडल खोल जाणार. ड्रमला स्प्रिंग असते, तिथे हे वेगळं चालतं. म्हणून जुन्या ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये सुमारे १० पीएसआय (दाबाचं माप) दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह असतो. तोच डिस्कच्या पाइपात राहिला तर पॅड कायम घासतात. डिस्कला असला तर २ पीएसआयचा चालतो.

२ पीएसआयचा व्हॉल्व्ह ऑनलाइन बघितला, १,८०० रुपये, आणि त्याचे आटे पुन्हा तिसऱ्याच जातीचे. त्याऐवजी टाकीच वर नेली. भंगार बाजारातून एका कारची दोन कप्प्यांची टाकी १५० रुपयांत मिळाली. ती बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) लावली आणि दोन रबरी नळ्यांनी खाली मास्टर सिलिंडरला जोडली. पातळी आता कॅलिपरच्या बरीच वर आहे, व्हॉल्व्हची गरज संपली. शिवाय ऑइल बघायला पाट उचलावा लागत नाही.

३० मार्च

गुढी उभारून दुपारी गॅरेजमध्ये आलो तर टाकीच्या खाली ओल. नळी हाताला मऊ लागली, क्लिपजवळ फुगून भज्यासारखी झालेली.

दुकानातून 'ऑइलची नळी' म्हणून दिली गेलेली ती डिझेलची नळी होती. डिझेल-पेट्रोलची नळी नायट्राइल रबराची असते, ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल तिला खातं. ब्रेकला ईपीडीएम रबराची नळी लागते. ती उलट डिझेलमध्ये फुगते. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या जाड. नळीवर छापलेलं वाचूनच घ्या, काही छापलेलं नसेल तर घेऊ नका. शेवटी कारच्या क्लचसाठी मिळणारी मूळ नळी घेतली, १८० रुपये मीटर.

रबराचे कण खाली गेले असतील म्हणून मास्टर सिलिंडर उघडून धुतला आणि पाइपांतून नवं ऑइल ओतून काढलं. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचे दोन डबे त्यात गेले. डॉट ४ का: नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश, डॉट ३चा २०५. पाणी शोषल्यावर हेच आकडे १५५ आणि १४० होतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४०च्या वर असताना आणि घाटात ब्रेकवर उतरताना तो फरक लागतो.

६ एप्रिल

पाइप चॅसिसवर पक्के झाले. साधारण फुटाफुटावर रबर लावलेली पत्र्याची क्लिप. झिप टाय लावलेल्या काही गाड्या बघितल्या आहेत, आपल्या उन्हात त्या वर्षभरात तडकतात आणि मग पाइप चॅसिसवर वाजत राहतो. पत्र्यातून पाइप जातो त्या प्रत्येक भोकात ग्रोमेट (रबरी कडं).

पाइपावर संरक्षण म्हणून ठिबकची जुनी लॅटरल उभी चिरून चढवायची कल्पना भाच्याची होती. शेतात ढीग पडलेला आहे, फुकट. काही भागावर चढवूनही बघितली. मग काढली. आत शिरलेला चिखल बाहेर येत नाही आणि पोलादी पाइप आतल्या आत कुजतो, मार्चमध्ये काढलेला पाइप असाच खाल्लेला होता. तांबं-निकेलच्या तुकड्यांवर मात्र ठेवली, तिथे फक्त दगडाची भीती आहे.

पुढच्या चाकांचे होज (चाकाबरोबर हलणाऱ्या लवचीक रबरी नळ्या). इथे घाई करायची नाही. गाडी चॅसिसखाली जॅक लावून उचलली, ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) पूर्ण लोंबू दिला. त्या स्थितीत स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण. मग ॲक्सलखाली जॅक लावून पाटे दाबले आणि पुन्हा तेच. डावीकडे पूर्ण वळवल्यावर उजवा होज टायरच्या आतल्या भिंतीला टेकत होता. अर्धा इंचच, पण तेवढ्यात घासून तो फाटणार. चॅसिसवरची होजची कानी (धरून ठेवणारी पट्टी) दोन इंच वर आणि मागे सरकवून वेल्ड केली. होजवर लांबीला एक पांढरी रेघ छापलेली असते, ती बसवल्यावर सरळ राहिली पाहिजे. रेघ वेटोळी दिसली तर होज पिळला गेला आहे. कॅलिपरच्या बॅन्जो बोल्टला (होज जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर. जुने वॉशर उलटून लावणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

मागे एकच होज, चॅसिसवरून ॲक्सलवर. हौद्यात माल नसताना पाटे किती उघडतात ते बघून त्याची लांबी धरा. मालाने तो सैल पडतो, ते चालतं.

११ एप्रिल

हवा काढायचं काम, आणि सगळ्या प्रकल्पातला सर्वांत चिडचिडा दिवस.

मास्टर सिलिंडर आधी टेबलावरच भरून हवा काढून घेतला होता. गाडीवर मागच्या चाकांपासून सुरुवात, कारण ती सर्वांत लांब. निप्पलला (हवा सोडायचा पोकळ स्क्रू) ठिबकची मायक्रोट्यूब घट्ट बसते, पण ती काळी, बुडबुडे दिसत नाहीत. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी आणली.

मागचं झालं. पुढचं होईना. पेडल स्पंजासारखं, दोनदा मारलं की वर यायचं, सोडलं की पुन्हा खाली. ऑइल जात राहिलं, बुडबुडे मात्र थांबले होते. भाचा पेडलवर बसून कंटाळला. आप्पा आले, त्यांनी पेडलला हातही लावला नाही. चाकाजवळ बसले आणि निप्पलकडे बोट दाखवलं. ब्रॅकेट कापणाऱ्याने ते थोडं तिरपं केलेलं, त्यामुळे कॅलिपर कलला होता आणि निप्पल सर्वांत उंच जागी नव्हता. निप्पलच्या वर कॅलिपरच्या आत अंगठ्याएवढी जागा उरत होती, आणि हवा तिथेच बसून राहिली होती. कितीही पेडल मारा, ती निप्पलच्या खाली यायची नाही.

कॅलिपरचे दोन बोल्ट काढले. पॅडांमध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी ठोकळा घातला. हे विसरलात तर पिस्टन बाहेर येऊन पडेल. कॅलिपर हातात धरून निप्पल नेमका वर येईल असा फिरवला, होजला ताण न देता. आप्पांनी त्याच्यावर पान्याच्या दांड्याने हलके टकटक केलं. भाच्याने पेडल दाबलं, मी निप्पल पाव फेरा उघडला, आणि नळीतून एकच मोठा बुडबुडा गेला, मग बारीक दोन, मग स्वच्छ ऑइल. "आते निंघनी हवा," आप्पा म्हणाले. पेडल दगडासारखं झालं.

दुसऱ्या बाजूलाही तेच. ब्रॅकेट नवं करायचं नाही असं ठरवलं. पुढच्या वेळी हवा काढताना कॅलिपर पुन्हा काढावा लागेल एवढंच. तुम्ही ब्रॅकेट करून घेत असाल तर पत्रा कापण्याआधी निप्पलची जागा बघा. उजवा-डावा कॅलिपर अदलाबदल झाला तरी हीच भानगड होते.

मागच्या ब्रेकचं पेडल पहिल्या दाबात जरा खोल जात होतं. मी लगेच १० पीएसआयच्या व्हॉल्व्हचा विचार करायला लागलो. आप्पांनी शूजचे (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकपट्ट्या) ॲडजस्टर फिरवले, लायनर ड्रमला किंचित घासेपर्यंत घट्ट आणि मग थोडे सैल. संपलं. व्हॉल्व्ह मागवण्याआधी शूज ॲडजस्ट करा.

१३ एप्रिल

धुळे रस्त्यावर पहिली चाचणी. पंधराएक किलोमीटर छान. मग गाडी ओढल्यासारखी वाटायला लागली. थांबून बघितलं तर पुढची दोन्ही रिम हात लावू नये इतकी तापलेली. चाकं हाताने फिरत नव्हती. थंड होईपर्यंत झाडाखाली बसलो, चाकं सुटली, घरी आलो, आणि गाडी मुद्दाम तशीच तापवून तपासली.

तपासणी अशी करायची. ब्रेक धरलेला असतानाच कॅलिपरचा निप्पल उघडा. ऑइलची चिळकांडी आली आणि चाक सुटलं तर दाब अडकला आहे. चाक सुटलं नाही तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिनाच जाम आहेत. दाब अडकला असेल तर पुढच्या वेळी निप्पलऐवजी मास्टर सिलिंडरवरचा नट सैल करा. तिथे सैल केल्यावर चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडे किंवा त्याच्याही मागे, पेडलकडे. तिथे सुटलं नाही पण निप्पलला सुटतं, तर दोष मधल्या पाइपात किंवा होजमध्ये. आतून फुगलेला होज ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही.

माझी चाकं मास्टर सिलिंडरच्या नटाला सुटली. पेडल उंच यावं म्हणून ब्रॅकेटवाल्याने पेडलची दांडी लांब करून दिली होती. त्यामुळे पेडल सोडलं तरी मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता आणि टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहत होतं. ऑइल तापलं, फुगलं, परत जायला वाट नाही, ब्रेक आपोआप लागला, त्याने आणखी तापलं. दांडी छोटी केली, पेडलला हाताने जाणवेल इतकी मोकळी चाल ठेवली. पेडल थोडं खाली आलं. उंच पेडलच्या हौसेपोटी हा दोष खूप गाड्यांत मी नंतर बघितला.

तापलेले पॅड चकाकले होते. सँडपेपरने घासून परत लावले, डिस्क वाकलेली नाही हे लेथवाल्याकडे तपासलं.

२० एप्रिल

पुन्हा तोच रस्ता. रिम कोमट. मग शेताच्या कच्च्या रस्त्यावर, कुणी नसताना, कडक ब्रेक मारून बघितलं. हौदा रिकामा असताना मागची चाकं आधी लॉक होतात, गाडी मागून घसरते. पुढे डिस्क आल्यावर हे उलट व्हायला हवं होतं, पण रिकाम्या हौद्याला मागे वजनच नाही.

मागच्या पाइपात हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी-जास्त करणारा) लावला, २,२०० रुपये, डाव्या चॅसिसवर, पोचेल अशा जागी. तो एक नॉब, घट्ट केला की मागे दाब वाढतो. रिकाम्या गाडीत पुढची चाकं आधी लॉक होतील इतका सैल केला. मालाच्या गाडीत मागे जास्त ब्रेक हवा, हे खरं. ॲक्सलच्या दांडीवर चालणारा, वजनाप्रमाणे दाब बदलणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह हे त्याचं नेमकं उत्तर, पण जुना काढून आणलेला तो व्हॉल्व्ह किती वजनाला किती दाब देतो हे कळायला मार्ग नाही, म्हणून तूर्त नको म्हटलं. रिकामी गाडी आडवी होण्यापेक्षा भरलेली गाडी थोडी लांब थांबलेली बरी, आणि भरलेली गाडी मी हळूच चालवतो.

२७ एप्रिल

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत काम संपवायचं होतं, संपलं. हौद्यात खताच्या गोण्या टाकून कन्नड घाट चढून उतरलो. उतरताना दुसऱ्या गियरमध्ये, ब्रेक थोडा थोडा मारत, धरून न ठेवता. पायथ्याला थांबून प्रत्येक जोडाला कोरड्या कागदाने पुसून बघितलं. टी जॉइंटचा एक नट कागद ओला करत होता. तो आणखी आवळून थांबला नाही. काढून बघितला तर फ्लेअरवर उभी रेघ, पाइपाच्या सांध्याची. त्या टोकाचा नवा फ्लेअर पाडला. तेवढ्यासाठी पाइप थोडा जास्त लांब ठेवलेला होता, म्हणून पूर्ण पाइप बदलावा लागला नाही. प्रत्येक टोकाला एक वळण सैल ठेवा, ते अशा वेळी कामाला येतं.

खर्च, डिस्क-कॅलिपर-बूस्टर सोडून फक्त ऑइलच्या वाटेचा: बंडी पाइप २,१००, तांबं-निकेलचा तुकडा १,१००, नट आणि टी ६५०, तीन होज १,१५०, टाकी आणि नळी (चुकीच्या नळीसह) ५२०, व्हॉल्व्ह २,२००, ऑइल १,४००, क्लिप-ग्रोमेट-वॉशर ४००, फ्लेअर टूल २,८००. बेरीज १२,३२०. टूल आता गावातल्या आणखी दोघांकडे फिरतं आहे.

२२ जून

पहिले दोन पाऊस झाले. काळ्या शेतातून गाडी काढल्यावर खाली शिरलो. डाव्या चॅसिसच्या आत, मागच्या पाट्याच्या कानीजवळ, पाइपावर चिखलाचा गोळा बसला होता. तिथे दोन क्लिपांच्या मध्ये पाइप चॅसिसला अगदी चिकटून जातो आणि चिखलाला टेकायला जागा मिळते. क्लिपखाली अर्ध्या इंचाचा बुश घालून पाइप चॅसिसपासून सुटा केला, आता पाण्याचा फवारा मागून आरपार जातो. तुम्ही पहिल्यापासूनच तिथे बुश घाला.